फायबरच्या बोटीची चकाकी टिकवायची तर

गंगापूर धरणात चालणारी फायबरची बोट पावसाळा संपला की आधी भरपूर पाण्याने धुवा. थेट फडकं फिरवलं तर चिकटलेल्या गाळाचे कण जेलकोटवर, म्हणजे फायबरवरच्या चकचकीत बाहेरच्या थरावर, ओरखडे पाडतात. बादलीभर पाण्यात दोन झाकणं कार शाम्पू पुरतो. भांड्यांचा साबण नको, तो जुनं वॅक्सही काढून टाकतो. पाण्याच्या रेषेवर क्षारांचा पांढरा थर असेल तर पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं घेऊन पाच मिनिटं लावा, मग धुवा.

कोरड्या पृष्ठभागावर हाताचं बोट फिरवा. खडूसारखी पूड लागली, तर उन्हाने जेलकोटचा वरचा थर खराब झालाय. त्यावर वॅक्स चोपडून काही होत नाही, महिन्याभरात परत फिकट. आधी रबिंग कंपाऊंड (खराब थर घासून काढणारी पेस्ट), मग पॉलिश, शेवटी वॅक्स. पॉलिशचं मशीन १२०० ते १५०० आरपीएमवर (मिनिटाला तेवढे फेरे) आणि सतत हलतं ठेवा. जेलकोट जेमतेम अर्धा मिलिमीटर असतो, कडांवर तर झटकन उडतो. तिथे हातानेच घासलेलं बरं.

वॅक्स सावलीतच. तापलेल्या फायबरवर ते लगेच सुकतं आणि डाग धरून बसतं. दोन फूट बाय दोन फूट एवढाच भाग घ्या, पातळ थर द्या, धुरकट झालं की मायक्रोफायबरने पुसा. जाड थर म्हणजे नुसती मेहनत. पाय ठेवायच्या जागी मात्र वॅक्स अजिबात नको, ओल्या पायाने माणूस सरळ पाण्यात. पुढे पाण्याचे थेंब गोळे न होता पसरायला लागले, की पुन्हा वॅक्स लावा.