हरणांसाठी पेरणी

अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यातल्या मॅडिसनहून पश्चिमेला निघालं की तासाभरात जमीन वरखाली व्हायला लागते. हिमयुगात विस्कॉन्सिनचा बराचसा भाग बर्फाखाली दबून सपाट झाला, नैऋत्येचा हा कोपरा मात्र सुटला. म्हणून इथे डोंगरसोंडा आहेत, घळी आहेत, उतारावर ओकचं रान आणि खाली मक्याची शेतं. माझ्या ऑफिसातल्या एका मित्राच्या काकांचं इथे हरणांच्या शिकारीचं खासगी रान आहे. जवळपास 200 एकर, चहूबाजूंनी 8 फुटी जाळी. हंगामाआधी हाताशी माणसं हवी होती, म्हणून ऑगस्टच्या शेवटच्या शनिवारी मीही गेलो.

शिकारीच्या रानाची तयारी म्हणजे बंदुकांची साफसफाई असेल, असं मनात होतं. गेल्या गेल्या हातात चुन्याची गोणी आली. ओकखालची माती आंबट, चुना दिल्याशिवाय क्लोव्हर धरत नाही. क्लोव्हर म्हणजे आपल्या बरसीमचाच भाऊबंद. रानाच्या मधोमध झाडं तोडून सहा लहान वावरं केली आहेत. एकात सलगम आणि मुळा महिनाभरापूर्वीच पेरलेला, पानं तळहाताएवढी झाली होती. ही पानं हरणं आत्ता फारशी खात नाहीत. पहिलं कडक दंव पडलं की पानांत साखर उतरते, मग तुटून पडतात. आम्ही दुसऱ्या दोन वावरांत ओट आणि राय ही गव्हासारखी धान्यं फोकून पेरली आणि वरून लोखंडी रूळ फिरवला. ओट थंडीत जळून जाईल, राय बर्फाखाली तग धरून मार्चमध्ये पुन्हा हिरवी होईल.

संध्याकाळी बाबांना फोन केला. आमची शेती चंद्रपूर जिल्ह्यात. धान लोंबीत आलं की चितळं आणि रानडुकरं यायची, आणि मी शाळेत असताना बाबांबरोबर मचाणावर कितीतरी रात्री जागली केली आहे. डबा वाजवायचा, हाळी द्यायची, गोफण फिरवायची. बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "हरणासाठी पेरता? बरं आहे त्यांचं."

रविवार मचाणांवर गेला. झाडाला पट्ट्यांनी बांधलेल्या लोखंडी शिड्या, वर दीड हाताची बैठक. वर्षभरात झाडाचं खोड वाढतं, पट्टे ताणले जातात, खारी ते कुरतडतात. म्हणून प्रत्येक पट्टा दरवर्षी बदलायचा, मग तो नवा दिसत असला तरी. काकांनी मला कमरेला आणि खांद्यांना हार्नेस बांधल्याशिवाय पहिल्या पायरीवर पाय ठेवू दिला नाही. त्यांच्या ओळखीत गोळीने कुणी जखमी झालेलं नाही, मचाणावरून पडून पाठ मोडलेले मात्र दोघं आहेत. लाकडी खोप्यांमध्ये गांधीलमाशांनी पोळी केली होती, ती सकाळच्या गारव्यात काढली. मग समोरच्या फांद्या छाटल्या. डहाळीला घासून गोळी जराशी वळली तरी जनावर जखमी होऊन पळतं आणि दोन दिवस तडफडतं. काकांना याचीच सगळ्यात जास्त धास्ती. मचाणाकडे जाणारी पाऊलवाटही खरडून साफ ठेवायची, म्हणजे नोव्हेंबरात वाळक्या पानांचा आवाज होत नाही. कोणत्या वाऱ्याला कोणत्या मचाणावर बसायचं, हे त्यांनी एका जुन्या वहीत लिहून ठेवलं आहे.

सध्या नरांच्या शिंगांवर मखमली कातडी आहे. सप्टेंबरात ती झाडाला घासून निघेल आणि दिवस लहान होत गेले की नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात नर माद्यांच्या मागे बेभान फिरतील. त्याच महिन्यात थँक्सगिव्हिंग या सणाच्या आधीच्या शनिवारी कुंपणाबाहेरच्या जंगलात राज्याचा नऊ दिवसांचा बंदुकीचा हंगाम सुरू होतो.

कुंपणाची फेरी शेवटी. वादळात पडलेलं एक झाड जाळीवर कलंडलं होतं, ते कापून जाळी ताणेपर्यंत दुपार झाली. कुंपण इतकं जपायचं कारण सीडब्ल्यूडी, म्हणजे क्रॉनिक वेस्टिंग डिसीज. 1967 मध्ये कोलोरॅडोत पहिल्यांदा दिसलेला हा रोग 2002 मध्ये विस्कॉन्सिनात, इथून जवळच, मोकळ्या हरणांत सापडला. तो ना जिवाणूने होतो ना विषाणूने. वेडंवाकडं दुमडलेलं प्रथिन, प्रिऑन, मेंदू पोखरतं. जनावर वाळत जातं, लाळ गळते, मरतं. प्रिऑन शिजवून नष्ट होत नाही आणि मातीत वर्षानुवर्षं टिकतं. माणसाला तो झाल्याचं अजून आढळलेलं नाही, तरी बाधित मांस खाऊ नये असंच सांगतात. काका मारलेल्या प्रत्येक मोठ्या हरणाचा नमुना तपासणीला पाठवतात, अहवाल येईपर्यंत मांस वेगळं ठेवतात.

कुंपणाआडची शिकार मला पटत नाही, हे मी त्यांना सांगितलं. जनावराला निसटून जायला मोकळं रान हवं. बून अँड क्रॉकेट क्लब ही शिकाऱ्यांची 1887 पासूनची संस्थासुद्धा अशा बंदिस्त रानातल्या शिंगांची आपल्या विक्रमांत नोंद घेत नाही. काका रागावले नाहीत. म्हणाले, "मलाही बाहेरचीच शिकार आवडते. पण कुंपण नसतं तर ही जमीन मी मक्याला दिली असती, आणि हे ओक उभे राहिले नसते." माझं मत बदललं नाही, पण त्या ओकखाली मी दोन दिवस काम केलं होतं. त्यांचं म्हणणंही खोटं नव्हतं.

निघण्याआधी त्यांनी मला क्लोव्हरच्या कडेच्या मचाणावर नेलं, नुसतं बघायला. सूर्य सोंडेमागे गेला आणि एक मादी दोन पाडसांना घेऊन बाहेर आली. पाडसांच्या अंगावरचे ठिपके पुसट व्हायला लागले होते. मादीने मान वर केली, आमच्याकडे पाहिलं, मग खाली घातली. माझा उजवा हात आपोआप बाजूला गेला, दगड चाचपायला. घशात हाळी आली होती. ती मी गिळली आणि श्वास धरून बसलो. पाडसं आमच्या मचाणाखालून, हात लांबवला तर लागतील इतक्या जवळून, चरत पुढे गेली.