सगळं खोललं आणि दोष निघाला वीतभर नळीत

वडिलांची 1986 ची कार्ब्युरेटरवाली (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनला देणारा भाग) गाडी मी अजून चालवतो. मागच्या वर्षी तिला एक खोड लागली. सुरू मस्त व्हायची, वीस-पंचवीस मिनिटं काही त्रास नाही, आणि मग चढ लागला किंवा जरा जास्त वेळ दाबून चालवली की झटके द्यायला लागायची आणि गपकन बंद. दहा मिनिटं बॉनेट उघडून उभं राहायचं, परत सेल्फ मारला की जणू काही झालंच नाही अशी चालू.

ज्याला विचारलं त्याने कॉइल, म्हणजे ठिणगीसाठी वीज वाढवून देणारा भाग, गरम होते म्हणून सांगितलं. कॉइल बदलली, कंडेन्सर बदलला, प्लगही नवीन टाकले. गाडी बंद पडायचं काही बदललं नाही.

मग कार्ब्युरेटर खोलला. फ्लोटच्या वाटीत (जिथे पेट्रोल साठतं) तळाला तांबूस पूड बसलेली, एकदम बारीक, बोटाला लागली की मेंदीसारखा रंग. जेट, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारी बारीक भोकाची पितळी तोटी, काढून कार्ब क्लीनर मारून हवेने साफ केले (तार घालू नका, पितळ मऊ असतं, भोक मोठं होतं), नवीन गॅस्केट टाकून बसवला. दोन दिवस गाडी छान पळाली आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. इथेच डोकं चालवायला हवं होतं, ती पूड मागून कुठून तरी येतेय एवढं तरी कळायला पाहिजे होतं, पण मी आपला कार्ब्युरेटर अजून दोनदा खोलला.

त्यानंतर पंपावर संशय. आमचा मेकॅनिकल पंप, इंजिनच्या कॅमशाफ्टने एक लिव्हर हलतो, आतला डायफ्रॅम (लवचिक पडदा) खालीवर होतो, ओढतो आणि ढकलतो. प्रेशर जेमतेम 3-4 पीएसआय, कार्ब्युरेटरला त्याहून जास्त लागतही नाही. डायफ्रॅम फाटला तर पेट्रोल इंजिन ऑइलमध्ये उतरतं, म्हणून आधी डिपस्टिक काढून वास घेतला, पेट्रोलचा वास नव्हता. कॉइलची वायर काढून ठेवली, म्हणजे ठिणगी पडायला नको, कार्ब्युरेटरकडे जाणारी नळी बरणीत सोडली आणि भाच्याला सेल्फ मारायला सांगितलं. सुरुवातीला ठोक्याठोक्याने जोरदार धार, मग धार बारीक होत होत नुसते बुडबुडे. भाचा म्हणाला, "मामा, पंप गेला. इलेक्ट्रिक टाकून द्या." मीही जवळजवळ तयार झालो होतो.

पण पंप बदलायच्या आधी एक गोष्ट करून बघितली आणि खरं तर हीच पहिल्या दिवशी करायला हवी होती. टाकीकडून येणारी नळी पंपापासून काढून बंद केली आणि पंपाच्या तोंडाला नवीन नळी लावून ती बाजूला ठेवलेल्या छोट्या कॅनमध्ये सोडली. गाडी उघड्यावर, जागेवर उभी, मध्येमध्ये रेस करून अर्धा तास चालवली. एक झटका नाही! म्हणजे पंप, कार्ब्युरेटर, कॉइल सगळे निर्दोष आणि गुन्हेगार पंपाच्या मागे, टाकीपर्यंतच्या रस्त्यात.

आणि इथे एक गंमत आहे जी मला माहीत नव्हती. मेकॅनिकल पंप इंजिनजवळ असतो, म्हणजे त्याच्या मागची सगळी लाइन ओढीखाली असते. पुढची नळी फुटली तर पेट्रोल बाहेर येतं, दिसतं, वास येतो. मागच्या नळीला चीर गेली तर पेट्रोल बाहेर येईलच असं नाही, उलट पंप हवा आत ओढतो, आणि आपण खाली वाकून बघतो तर सगळं कोरडं ठणठणीत. मी तीनदा वाकून बघितलं होतं.

टाकी उतरवायचं ठरलं. आधी जवळजवळ रिकामी होईपर्यंत गाडी फिरवली, उरलेलं झाकणवाल्या कॅनमध्ये काढलं, बॅटरीची निगेटिव्ह काढली आणि काम उघड्यावर केलं. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत साचते, त्यामुळे बंद गॅरेज किंवा खड्डा या कामाला नकोच, आणि ड्रिल, ग्राइंडर, वायरवाला दिवा असलं काही जवळ नको. पट्ट्यांचे बोल्ट इतके गंजलेले की रात्रभर तेल मुरवत ठेवावं लागलं, तरी एक तुटलाच. गेजच्या युनिटची (टाकीतलं पेट्रोल मोजून काट्याला सांगणारा भाग) रिंग पितळी पंच लावून हळूहळू ठोकून फिरवली, लोखंडी छिन्नीने ठिणगी उडू शकते.

आत काय निघालं ते सांगतो. पेट्रोल ओढायच्या पाइपच्या टोकाला जी बारीक जाळी असते ती गंजाच्या गाळाने अर्धी बुजलेली. टाकीत हवा जायची व्हेंटची नळी मातीने भरलेली, कुठल्यातरी किड्याने घर केलं होतं. म्हणजे पेट्रोल कमी होईल तशी टाकीत ओढ वाढत जायची. आणि मुख्य म्हणजे टाकी आणि लोखंडी पाइप यांना जोडणारी वीतभर रबरी नळी, बाहेरून ठीकठाक, थोड्या भेगा, पण कापली तर आतलं रबर फुगून लोण्यासारखं मऊ झालेलं. जरा ओढ बसली की चपटी होत असणार, गाडी थांबवली की परत उघडत असणार. ती दहा मिनिटं वाट बघायची, त्याचं उत्तर हातात होतं. जुन्या गाड्यांचं रबर इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलसाठी बनवलेलंच नव्हतं, आणि इथेनॉल पाणी धरून ठेवतं, त्यामुळे गाडी महिनोन्महिने उभी राहिली की टाकी आतून गंजायलाही मदत होते.

टाकीत साबणाचं पाणी आणि मूठभर नट टाकून दोघांनी घुसळली, हात भरून आले. मग सायट्रिक ॲसिडचं पाणी रात्रभर, सकाळी खायच्या सोड्याच्या पाण्याने धुतली आणि लगेच हवा मारून वाळवली, कारण ओली राहिली तर तासाभरात पुन्हा तांबूस होते. आतून लेप मारायचा सल्ला मिळाला होता, मी नाही मारला. टाकीला भोक नव्हतं, आणि तयारी नीट झाली नाही तर तो लेप पापुद्र्यांनी सुटून पुन्हा जाळीतच जाऊन बसतो.

सगळ्या रबरी नळ्या बदलल्या, ज्यावर एसएई जे30आर9 छापलेलं असतं तीच घेतली, हिचं अस्तर इथेनॉलला टिकतं. टाकीच्या आत पेट्रोलमध्ये बुडून राहणाऱ्या नळीला मात्र ही चालत नाही, तिथे आर10 लागते. क्लॅम्पही गोल गुळगुळीत कडांचे, दातेरी पट्टीवाले रबर कापतात. लोखंडी पाइप दोन्हीकडून सोडून हवेने साफ केला आणि पंपाच्या आधी एक फिल्टर टाकला, बाण पंपाकडे.

इलेक्ट्रिक पंप? नाही टाकला. बरेचसे पंप जास्त प्रेशर देतात, कार्ब्युरेटरमध्ये येणारं पेट्रोल अडवणारा नीडल व्हॉल्व्ह उचलला जातो आणि कार्ब्युरेटर वाहायला लागतो, मग प्रेशर कमी करायला रेग्युलेटर आला, आणि इंजिन बंद पडलं किंवा ठोकर बसली तर पंप बंद करणारा स्विच आला. चालू असलेल्या पंपासाठी एवढा पसारा कशाला.

एक छोटं काम वाढलं. प्लग पांढरट दिसत होते, म्हणजे मिश्रण पातळ, पेट्रोल कमी आणि हवा जास्त. साध्या पेट्रोलला वजनाने 14.7 पट हवा लागते, 10 टक्के इथेनॉल असेल तर साधारण 14.1, म्हणजे तेवढ्याच हवेला पेट्रोल थोडं जास्त हवं. मेन जेट एक नंबर मोठा टाकला, जुना जेट डब्यात जपून ठेवलाय.

पहिल्यांदा सुरू केली तेव्हा पंपाजवळचा एक क्लॅम्प पाझरत होता, प्रत्येक जोडाला कोरडा टिश्यू लावून बघितलं म्हणून सापडला. त्यानंतर तोच चढ तीनदा चढलो, मुद्दाम, दुपारच्या उन्हात. भाचा शेजारी मोबाइलवर वेळ मोजत होता, चाळीस मिनिटांनी कंटाळून झोपला.

पेट्रोलचा काटा मात्र अजून अर्ध्यावरच अडकतो. टाकी उतरवलेली असताना ते युनिट हातात होतं, तेव्हाच बदललं असतं तर बरं झालं असतं. सध्या डॅशबोर्डला कागद चिकटवून किलोमीटर लिहितोय.