भात्याचा हात आणि पियानो

सहा वर्षं मी सगळ्यांना सांगत होते की माझ्या कीबोर्डमधला पियानो भिकार आहे. स्ट्रिंग्ज छान, बासरी चालण्यासारखी, सनई तर लग्नात लोक मान वळवून बघतील अशी. पियानोचा टोन लावला की मात्र पत्र्याच्या डब्यावर चमचा.

मी डोंबिवलीची. सोमवार ते शुक्रवार एका ऑफिसात हिशेब लिहिते, शनिवार-रविवार भावगीतांच्या कार्यक्रमांत कीबोर्ड वाजवते. वाद्य ६१ पट्ट्यांचं, स्प्रिंगच्या हलक्या पट्ट्यांचं. ८८ पट्ट्यांचं, हॅमर असलेलं, म्हणजे खऱ्या पियानोसारख्या जड पट्ट्यांचं वाद्य कधी परवडलं तरी ते चौथ्या मजल्यावर कोण चढवणार? आमच्याकडे लिफ्ट नाही. तेव्हा आहे त्यातच पियानो शोधायचा होता.

पहिली दोन वर्षं मी टोन विकत घेत बसले. पेनड्राइव्हवर घालून देतात, ‘ग्रँड’, ‘कॉन्सर्ट ग्रँड’, ‘लाइव्ह ग्रँड’ अशी नावं. घरी हेडफोन लावले की अंगावर काटा यायचा. डाव्या कानात खर्ज, उजव्या कानात तार सप्तक, मध्ये लाकडाचा वास येईल इतकी जागा. आणि रविवारी हॉलमध्ये तोच टोन लावला की गायिका माझ्याकडे वळून भुवई उडवायची. तिची भुवई मला पाठ आहे. ‘हे काय लावलंयस’ असा त्याचा अर्थ.

याचा उलगडा एका साउंडवाल्या काकांनी केला, तोही न कळत. मी डाव्या-उजव्या आवाजाचे दोन जॅक पुढे केले तर म्हणाले, “ताई, एकच द्या, चॅनल शिल्लक नाहीत.” नेहमीचंच वाक्य. तबल्याला दोन माइक, ढोलकीला दोन, निवेदिकेला एक, आणि कीबोर्डला उरलेलं काय ते. पण त्या दिवशी डोक्यात प्रश्न आला: मग माझ्या डाव्या-उजव्या आवाजाचं होतं काय?

होतं असं. पियानोचा टोन बनवताना खऱ्या पियानोसमोर दोन माइक लांब लांब ठेवतात. एकाच तारेचा आवाज एका माइकपर्यंत आधी पोचतो, दुसऱ्यापर्यंत किंचित नंतर. हेडफोनमध्ये हाच फरक ‘जागा’ म्हणून ऐकू येतो. मात्र आपण एकच जॅक लावला की बहुतेक कीबोर्ड डावं-उजवं आतल्या आत मिसळून देतात, आणि मग ते दोन आवाज एकमेकांना खातात. एकाची लाट वर जाताना दुसऱ्याची खाली आली, की तेवढा आवाज गायब. सगळा नाही, मधले मधले तुकडे. घरी येऊन एकच स्पीकर, एकच जॅक लावून बघितलं. मधल्या सप्तकातला गंधार पोकळ, जणू पिंपात पडलेला, आणि शेजारचा मध्यम ठणठणीत. हेडफोनमध्ये जो टोन सगळ्यात रुंद वाटायचा, तोच एका स्पीकरवर सगळ्यात जास्त खचला. मी पैसे मोजून नेमका तोच निवडला होता.

मग यादीत खाली खाली गेले. तिथे ‘मोनो पियानो’ नावाचा, म्हणजे डावं-उजवं वेगळं नसलेला, एक टोन पहिल्या दिवसापासून पडून होता. हेडफोनमध्ये तो कोरडा, सपाट, बिचारा वाटतो, म्हणून कधी हात लावला नव्हता. एका स्पीकरवर मात्र त्याचा प्रत्येक सूर जागच्या जागी. तेव्हापासून घरी टोन निवडताना हेडफोन कपाटात. जुना एक स्पीकर टेबलाखाली ठेवलाय, तोंड भिंतीकडे करून. त्यातून जो टोन बरा वाटेल तो हॉलमध्ये चालतो.

जुन्या वाद्यांचंही असंच असावं. कॉर्गचं एम-१ १९८८ साली आलं. त्यात सगळ्या वाद्यांचे नमुने मिळून जेमतेम ४ एमबीत बसवलेले, म्हणजे आज मोबाइलने काढलेल्या एका फोटोइतके. त्यातला पियानो खऱ्यासारखा मुळीच नव्हता, पातळ आणि टणक होता. तरी ढोल-ड्रम्सच्या गर्दीतून तो बाहेर यायचा, आणि नाचाच्या संगीतात अजून लोक तोच आवाज शोधतात. खरेपणा वेगळा, ऐकू येणं वेगळं.

इथपर्यंत माझं दुखणं निम्मं कमी झालं. भुवई उडायची थांबली. पण मला स्वतःला गोड वाटेना. सूर जागेवर होते, पियानो नव्हता.

पुढचा शोध भाच्याने लावला. तो लॅपटॉपवर गाणी करतो. म्हणाला, मावशी, तू वाजव, मी मिडी रेकॉर्ड करतो, म्हणजे आवाज नाही, कुठली पट्टी कधी आणि किती जोरात दाबली याची नोंद. मी एका गाण्याचा इंट्रो वाजवला, अगदी मन लावून, डोळे मिटून. तो स्क्रीनकडे बघून हसायला लागला. “मावशी, तू मशीन आहेस का?” प्रत्येक सुराखाली एक उभी रेघ होती, सूर किती जोरात वाजला ते दाखवणारी. १ ते १२७ असा तो आकडा असतो. माझ्या रेघा: १०८, ११२, ११०, १११, १०९. एका उंचीच्या. कुंपणाचे खांब.

कीबोर्ड वजन मोजत नाही, वेग मोजतो. प्रत्येक पट्टीखाली दोन संपर्क असतात. पट्टी दाबताना पहिला जुळला आणि मग दुसरा, या दोहोंच्या मधला वेळ किती, त्यावरून आकडा ठरतो. आणि चांगल्या टोनमध्ये तोच सूर तीन-चार वेगवेगळ्या जोरांत रेकॉर्ड केलेला असतो: हलका, मध्यम, जोराचा, ठोकलेला. माझा आकडा कायम ११०. म्हणजे सहा वर्षं मी फक्त ठोकलेला पियानो ऐकत होते. हलक्या बोटांचा जो मऊ, गोल आवाज आत होता, त्याच्या दाराशी मी एकदाही गेले नव्हते.

कारण पेटी.

माझे बाबा कीर्तनाला पेटीची साथ करायचे आणि मी वयाच्या सहाव्या वर्षी त्यांच्या मांडीशी बसून शिकले. पेटीवर बोट हळू दाबा नाहीतर जोरात, सूर तेवढाच. लहान-मोठं करतो तो डावा हात, भात्यावरचा. बोटाचं काम फक्त झडप उघडणं. उलट बाबा सांगायचे, बोटं सारखी पडली पाहिजेत, एक सूर पुढे एक मागे नको. तीस वर्षं मी तेच घोटलं. आणि शिवाय पेटीचा सूर बोट असेपर्यंत राहतो, पियानोचा तर वाजल्या क्षणापासून विझायला लागतो. मी आपली सूर धरून वाट बघत बसायचे, आणि तो विझला की घाबरून पुन्हा ठोकायचे.

पियानो हे मूळ नावच ‘पियानोफोर्ते’, इटालियनमध्ये हळू-जोरात. फ्लॉरेन्समध्ये क्रिस्तोफोरीने १७००च्या सुमारास ते बनवलं तेव्हा त्यात नवं काय होतं, तर बोटाच्या वेगावर आवाज बदलतो, हेच. आणि मी नेमकं तेच सोडून बाकी सगळं वाजवत होते.

उपाय कंटाळवाणा आहे. सेटिंगमध्ये टच ‘हेवी’ केला, म्हणजे वरचे आकडे सहजासहजी लागत नाहीत. आणि रोज वीस मिनिटं सा रे ग म, पण सा जेमतेम ऐकू येईल असा आणि वरचा सा पूर्ण जोरात, मधले सूर जिन्यासारखे. स्क्रीन समोर ठेवून. पहिल्या आठवड्यात माझा ‘जेमतेम’ ८५ होता. त्याहून हळू गेलं की सूर वाजायचाच नाही. डावा हात तर रिकामा सापडला की आपोआप हलायला लागायचा, हवेतला भाता. भाच्याने त्याचा व्हिडिओ काढून घरच्या ग्रुपवर टाकला आहे.

त्याच सुमाराला मैत्रिणीच्या आजीकडे वसईला गेले होते. त्यांच्याकडे जुना उभा पियानो आहे, पट्ट्या दातांसारख्या पिवळ्या पडलेल्या, दोन वाजतच नाहीत. मी उजवं पेडल दाबून धरलं, वरचं झाकण उघडलं आणि आत तोंड घालून ‘आ’ लावला. काळी एकचा सा. गप्प झाले तर पियानो गात होता. माझाच सूर, माझ्याच आवाजाच्या रंगाचा, आतून कुठूनतरी परत येत होता. पेडल दाबलं की सगळ्या तारांवरचे दाब उठतात आणि ज्या तारा त्या सुराशी जुळतात त्या आपल्याआप थरथरतात. सतारीच्या तरफाच की. फक्त इथे सव्वादोनशेच्या आसपास तारा आहेत आणि सगळ्या तरफा होऊ शकतात. आजी म्हणाल्या, “पोरी, तो सगळ्यांनाच उत्तर देतो.” मी चार वेळा वेगवेगळे सूर लावून बघितले. नंतर चहा निवला होता.

तर पेडल. माझ्याकडे तोवर ते होतं, पण मी ते ‘लांब सूर हवा’ तेव्हाच दाबायचे आणि दाबूनच ठेवायचे, त्यामुळे दुसऱ्या कॉर्डवर चिखल. आता नवा कॉर्ड पडतो त्याच क्षणी पाय वर, आणि बोटं पट्टीवर असतानाच लगेच खाली. सूर तुटत नाही आणि मागचा राहत नाही. हातापायाचं हे गणित जमायला मला तीन महिने लागले, आणि अजून द्रुत गाण्यात चुकतं.

पेडलची एक फजिती सांगते. एका कार्यक्रमात मध्यंतरानंतर वीज गेली, जनरेटर लागला, कीबोर्ड पुन्हा सुरू झाला, आणि माझा पाय त्या वेळी पेडलवर होता. बरेच कीबोर्ड सुरू होताना पेडल ज्या अवस्थेत दिसेल ती ‘सोडलेली’ समजतात. झालं उलटं. पाय उचलला की सगळं घुमायचं, दाबला की तुटायचं. पहिलं अख्खं कडवं मी उजवा पाय दाबून धरून, जमेल तेव्हा उचलत, उलट्या डोक्याने वाजवलं. दुसऱ्या कडव्याआधी बासरीचा पीस होता, तेवढ्यात बंद करून पुन्हा सुरू केलं, या वेळी दोन्ही पाय खुर्चीखाली.

बाकीचं थोडक्यात, कारण ते हॉलनुसार बदलतं. डाव्या हाताचा खर्ज मी जवळजवळ सोडून दिला. बेस गिटार आहे, तिथे दोघांनी भांडण्यात अर्थ नाही. काकांना सांगून १०० हर्ट्झच्या खालचं कापून टाकते, ३०० च्या आसपास घागरीसारखं घुमतं ते थोडं कमी, ३००० च्या जवळ चिमूटभर वाढ. कीबोर्डमधला रिव्हर्ब, म्हणजे कृत्रिम घुमारा, बंद, हॉल तेवढा देतोच. आणि टच ‘हेवी’ केल्यावर व्हॉल्यूम जरा वर ठेवावा लागतो, नाहीतर हलके सूर टाळ्यांत जातात.

परवा बाबा माझ्याकडे राहायला आले होते. म्हटलं, बाबा, बघा, पियानो. ते बसले, चष्मा सारखा केला. डावा हात वाद्याच्या मागे गेला, भाता शोधत, मग लाजून मांडीवर आला. एका अभंगाच्या दोन ओळी वाजवल्या. मी हळूच स्क्रीन बघितली: ११०, १११, ११०, ११०. माझ्यापेक्षाही सरळ कुंपण.

“खिळे ठोकल्यासारखं वाजतंय गं,” म्हणाले. मग थोडं थांबून, “यात पेटी कुठेय?”

टोन बदलून दिला, टच बंद करून.