साडेबाराचं हिमोग्लोबिन

सोमवार, रात्र

आज सरांच्या, म्हणजे आमच्या बास्केटबॉल कोचच्या, प्लेटलेट्स (रक्तस्राव थांबवणाऱ्या पेशी) नऊ हजारांवर आल्या. निरोगी माणसाच्या दीड लाखाच्या वर असतात. दहा हजारांच्या खाली गेल्या की काही न लागता, न पडता आतल्या आत रक्तस्राव होऊ शकतो, म्हणून डॉक्टर मग वाट बघत नाहीत. दुपारी काकूंचा, सरांच्या बायकोचा, फोन आला. आवाज अगदी सपाट. "आज एक एसडीपी लागेल गं. कोण येतंय?" यादीत आजचं नाव तयार होतं. चार वाजता तो मुलगा ब्लड बँकेत पोचलासुद्धा. मुलगा म्हणतेय, पण आता त्याला स्वतःच्या दोन मुली आहेत. सरांच्या अगदी सुरुवातीच्या बॅचमधला, डाव्या हातानं ले-अप मारणारा.

एसडीपी म्हणजे सिंगल डोनर प्लेटलेट्स. दात्याचं रक्त मशीनमध्ये जातं, प्लेटलेट्स तेवढ्या वेगळ्या होतात, बाकी रक्त परत त्याच्या अंगात येतं. तास-दीड तास जातो. एका पिशवीनं आकडा तीस ते पन्नास हजारांनी चढावा अशी अपेक्षा असते, पण ताप असला की तेवढा चढत नाही आणि चढलेलाही दोन-तीन दिवसांत उतरतो. पिशवी भरून ठेवावी म्हटलं तर ती पाचच दिवस टिकते, तीही 20 ते 24 अंशांत, सतत हलती ठेवून. म्हणजे पैसे असले तरी साठा करता येत नाही. माणसंच लागतात, एकामागून एक, पुढच्या आठवड्यात आणि त्याच्याही पुढच्या.

यादी माझ्याकडे आहे. सर मॅचच्या आदल्या रात्री वहीत टीम लिहायचे तशीच मी ती लिहिली आहे: वर सुरुवातीचे पाच, खाली बेंच. नावापुढे रक्तगट, वजन, शेवटचं दान कधी, आणि तीन दिवसांत अ‍ॅस्पिरिन घेतली आहे का. दोन दानांमध्ये 48 तास सोडले तरी चालतात, पण मी कुणालाही आठवड्याच्या आत परत बोलावत नाही. पिथमपूरला शिफ्ट करणारा एक आहे, देवासहून इथे इंदूरला येणारे दोघं आहेत, एक भोपाळहून बसनं येतो. गेल्या महिन्यापर्यंत यातले निम्मे एकमेकांना ओळखतही नव्हते. सरांच्या हाताखाली वेगवेगळ्या काळात खेळलेले, एवढंच काय ते नातं.

बुधवार

जानेवारीत सर प्रॅक्टिसच्या वेळी बाकावर बसायला लागले. त्यांना कोर्टाच्या कडेला बसलेलं मी कधीच पाहिलं नव्हतं, माझ्या खेळायच्या दिवसांतही नाही. दंडावर निळे डाग होते, तर म्हणाले, चेंडू लागला असेल. ब्रश करताना हिरड्यांतून रक्त येत होतं, हे काकूंना पुष्कळ उशिरा कळलं. ताप उतरेना तेव्हा सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशींची मोजणी केली. रिपोर्ट बघून डॉक्टरांनी त्याच दिवशी दाखल व्हायला सांगितलं. पुढे बोन मॅरोची तपासणी झाली आणि नाव कळलं, अ‍ॅक्यूट मायलॉइड ल्युकेमिया, रक्ताचा कर्करोग.

केमोच्या पहिल्या फेरीत एक औषध सात दिवस रात्रंदिवस सलाइनमधून आणि त्यातल्या पहिल्या तीन दिवसांत जोडीला दुसरं, नारिंगी-लाल रंगाचं. औषधं संपली म्हणजे सुटलो असं आताच्या टीममधल्या मुलींना वाटलं होतं. खरा कठीण काळ त्यानंतर येतो. औषध वाईट पेशींबरोबर चांगल्याही मारतं, आणि नव्या तयार होईपर्यंत दोन-तीन आठवडे अंगात संसर्गाशी लढायला जवळजवळ काहीच नसतं. म्हणून भेटायला बंदी. फुलं नाहीत, कच्ची फळं नाहीत, प्रसाद नाही. खोलीत काकू, त्याही मास्क लावून.

मुलींना हे सांगणं फार अवघड गेलं. त्यांना काहीतरी करायचं होतं आणि करण्यासारखं काही हाताशी नव्हतं. एकीच्या आईनं खजराना गणपतीच्या देवळामागे उलटा स्वस्तिक काढून नवस केला. दोघी-तिघींनी ठरवलं, सरांचे केस गेले तर आपणही केस काढायचे. मी सरांना कळवलं. उत्तर आलं: "केस राहू द्या. रोज पन्नास फ्री थ्रो. मोजून."

त्या दिवसापासून मी बघते आहे. सरांच्या फोनवर दिवसाला कितीतरी निरोप येतात: काळजी घ्या, देव पाठीशी आहे, तुम्ही लढवय्ये आहात. प्रेमानंच पाठवलेले असतात, पण ते एकालाही उत्तर देत नाहीत. रात्री मी प्रॅक्टिसचा तीन मिनिटांचा व्हिडिओ पाठवते, तर पाच मिनिटांत उत्तर हजर. "चार नंबर पायावर उशिरा येते." "स्क्रीन लावून थांबते का? रोल कर म्हणावं." काकू म्हणाल्या, दिवसभरात तेवढाच वेळ ते उशी मागून उठून बसतात. त्या खोलीत येणारा प्रत्येक जण त्यांच्या अंगातून काहीतरी मोजायला येतो, ताप, बीपी, रक्त. त्यांचं मत विचारायला कुणी येत नाही. ते विचारणं आम्हाला जमतं. मुलींना मी हेच सांगितलं: सरांना धीर देऊ नका, काम द्या.

शनिवार

रेसकोर्स रोडच्या बास्केटबॉल कॉम्प्लेक्सवर मॅच होती. दहावी-बारावीच्या परीक्षा चालू आहेत, त्यामुळे बेंच रिकामाच असेल असं धरून चालले होते. पण बोर्डाचा पेपर सोमवारवर असलेल्या दोन मुलींना त्यांच्या आई-वडिलांनी स्वतः आणून सोडलं. एकीचे वडील म्हणाले, "सर असते तर मी नसतं पाठवलं. आज पाठवायलाच पाहिजे होतं." मी काही बोलले नाही, पण ते वाक्य घरी येईपर्यंत डोक्यात होतं.

दुसऱ्या अर्धात तीन टाइमआउट मिळतात, एकेक मिनिटाचे. सर टाइमआउटमध्ये एकच गोष्ट सांगायचे, दुसरी नाही. मी तसंच केलं. चार गुणांनी हरलो. मुली रडल्या, सरांसाठी जिंकायचं होतं म्हणून. स्कोअरशीटचा फोटो पाठवला, आणि उत्तरात सांत्वन वगैरे काही नाही: "फ्री थ्रो 21 पैकी 9. बाकी सगळं चांगलं. मला दिसतंय." ते मी मोठ्यानं वाचून दाखवलं. "मला दिसतंय" ऐकल्यावर कॅप्टननं डोळे पुसले आणि सगळ्यांना परत फ्री थ्रो लाइनवर नेलं. पुढची मॅच सुरू होईपर्यंतची दहा मिनिटं त्या नुसत्या मारत होत्या.

सोमवार

प्रॅक्टिसनंतर मुलींना के यो यांची गोष्ट सांगितली. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठाच्या महिला संघाच्या कोच. 1987 मध्ये स्तनाचा कर्करोग निघाला, आणि पुढच्याच वर्षी सोलला त्यांनी अमेरिकेच्या महिला संघाला ऑलिंपिक सुवर्ण मिळवून दिलं. रोग उलटला. 2006-07 च्या मोसमात उपचारांसाठी त्या 16 सामने बाहेर होत्या. परतल्यावर संघानं शेवटच्या 15 पैकी 12 सामने जिंकले. खेळाडू बुटांना गुलाबी नाड्या बांधून उतरायच्या.

ही गोष्ट बहुतेक वेळा इथेच थांबवतात. मला तसं करायचं नव्हतं. आमच्यातली सगळ्यात लहान, आठवीतली, विचारत होती, "फिर, दीदी?" मी सांगितलं, 24 जानेवारी 2009 ला त्या गेल्या. कुणी काही बोललं नाही. मग तिनंच विचारलं, "आणि सर?" मी म्हटलं, सरांचा आजार वेगळा आहे, औषधं वेगळी आहेत, डॉक्टरांना आशा आहे, पण खात्री कुणीच देत नाही, मीही देणार नाही. एक आई नंतर माझ्याशी बोलली, मुलांना एवढं कशाला सांगायचं म्हणून. त्यांची काळजी मला कळते. पण या मुली रोज रात्री फोनवर रोगाचं नाव टाकून वाचतात. त्यापेक्षा कोर्टावर, सगळ्या एकत्र असताना, माझ्या तोंडून ऐकलेलं बरं.

गुरुवार

कॅप्टन अठरा वर्षांची झाली. सकाळी घरी औक्षण करून घेतलं आणि तडक ब्लड बँकेत. कुणाला सांगितलं नव्हतं. अठराच्या आत रक्त देता येत नाही, त्यामुळे आजच्या टीममधली एकही मुलगी यादीत नव्हती, आणि तिला त्याचा किती त्रास होत होता हे मला आज कळलं. रक्तगट बी पॉझिटिव्ह, सरांचाच. वजन 54, पन्नासच्या वर, चालतं. हिमोग्लोबिन 11.2. दात्याला साडेबारा लागतं. परत पाठवलं.

तिथूनच मला फोन केला. हुंदक्यांमुळे शब्द कळत नव्हते. "ताई, मी रोज दोन तास खेळते, मला काही झालेलं नाही, तरी नाही म्हणाले."

सर वर्षानुवर्षं हेच ओरडत आले. प्रॅक्टिस संपली की गूळ-शेंगदाणे, जेवणावर चहा नाही, लोखंडी कढईत भाजी करायला आईला सांगा. आम्ही ऐकल्यासारखं करायचो. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 15 ते 49 वयाच्या 57 टक्के स्त्रिया रक्तक्षयी निघाल्या, आणि 15 ते 19 च्या मुलींमध्ये प्रमाण त्याहूनही जास्त, 59 टक्के. धावणाऱ्या, उड्या मारणाऱ्या, दमत नाही म्हणणाऱ्या मुलीसुद्धा त्यातच येतात. पालकांना विचारून सगळ्या टीमची तपासणी करून घेतली. निम्म्याहून जास्त मुली बाराच्या खाली. आमच्याच बॅचमधली एक आता डॉक्टर आहे, तिनं एकेकीला बघून गोळ्या लिहून दिल्या. लिंबू-पाण्याबरोबर घ्यायच्या, चहा-दुधाबरोबर नाही. डब्यात बीट, मेथी, काळे चणे. पाण्याच्या बाटल्यांवर कॅप्टननं मार्करनं लिहिलंय: 12.5. मुलींना करायला काम मिळालं, आणि तेही सरांनी आधीच सांगून ठेवलेलं.

मंगळवार

बोन मॅरोचा रिपोर्ट आला. ब्लास्ट, म्हणजे अर्धवट वाढलेल्या पेशी पाच टक्क्यांच्या खाली. याला रेमिशन म्हणतात. काकू फोनवर पहिल्यांदा रडल्या, मग लगेच म्हणाल्या, "आनंद करू, पण यादी बंद करू नकोस." बरोबरच आहे. रेमिशन म्हणजे रोग मुळापासून गेला असं नाही. आणखी फेऱ्या आहेत, दर फेरीनंतर आकडे पुन्हा खाली येणार. सर मधले काही दिवस घरी आहेत. मी दारातून, मास्क लावून भेटले. निम्मे झालेत. भुवयाही नाहीत. मी कशी आहे वगैरे काही विचारलं नाही, म्हणाले, "टू-थ्री झोन चालू केला का? लहान टीमला तोच बरा." म्हणजे बचावात पुढे दोघी, मागे तिघी.

रविवार

दुसरी फेरी संपली. कॅप्टनची परत तपासणी झाली: 12.7, प्लेटलेट्स दोन लाखांच्या वर, दंडाची शीर चांगली. यादीत तिचं नाव मी बेंचवर घातलं होतं, तिनं ते खोडून वरच्या पाचांत लिहिलं. सरांना कळवलं. दोन दिवस त्यांनी कुठल्याच निरोपाला उत्तर दिलं नव्हतं, तोंडात फोड आलेत, बोलवत नाही. तरी तिला उत्तर गेलं: "आदल्या दिवशी पाणी भरपूर. पोट रिकामं ठेवून जायचं नाही. त्या दिवशी प्रॅक्टिस नाही, हा हुकूम आहे."

तिची पाळी बुधवारी. शुक्रवारसाठी देवासचा एक पक्का आहे. पिथमपूरवाल्याला सर्दी-ताप आहे, त्याला काढलं. शनिवारची जागा रिकामी आहे, आणि शनिवारीच आकडा सगळ्यात खाली असेल असं डॉक्टर म्हणतात. 2011 च्या बॅचमधल्या तिघांना आत्ताच फोन केलेत, एकाचा रक्तगट जुळतो. सकाळी सातला तो तपासणीला येतोय.