ड्रॉडाउन यंत्र, भाग 7: आडव्या रेघा गेल्या, मग दुसऱ्या आल्या

ड्रॉडाउन म्हणजे ठरावीक फटीच्या ब्लेडने काचेवर किंवा कार्डावर रंगाचा पातळ, एकसारखा पट्टा ओढणं, आणि तेच काम करणारं यंत्र मी बनवतोय. मागच्या भागाच्या शेवटी मी मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं, की स्टेपर (टप्प्याटप्प्याने फिरणारी मोटर) बसला, हाताने ओढायचे दिवस संपले, आता फक्त रंग ओतायचा आणि बटण दाबायचं. ते वाक्य मागे घेतो. त्यानंतर एकवीस काचा धुतल्या आहेत आणि काल रात्री पहिल्यांदा एक पांढरा पट्टा असा निघाला, की मी दिवा तिरपा धरून पाच मिनिटं नुसता बघत बसलो. पण मधल्या एकवीस काचांची गोष्ट आधी.

पहिल्याच काचेवर आडव्या रेघा आल्या. ओरखडे नव्हेत. ओरखडा ओढीच्या दिशेने जातो आणि त्याचा गुन्हेगार ठरलेला असतो: धारेला चिकटलेला वाळका रंग, नाहीतर एखादा कण. या रेघा ओढीला काटकोनात होत्या. वॉर्निशमध्ये नेहमीप्रमाणे चिमूटभर लाल डाय टाकला होता, म्हणजे फिल्म (ओढलेला थर) जाड तिथे गडद, पातळ तिथे फिकी. काच खिडकीसमोर धरली तर पन्हळी पत्र्याचा फोटो काढल्यासारखं दिसत होतं. गडद, फिकं, गडद, फिकं, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

हाताने ओढताना हे कधीच झालं नव्हतं. हाताची खोड वेगळी: सुरुवातीला घाई, शेवटी रेंगाळणं. पण पन्हळ नाही.

संशय आधी काचेवर गेला. काच उलटसुलट फिरवली, रेघा तशाच. मग क्यूबवर. क्यूब म्हणजे रंग ओढणारा धातूचा ठोकळा, प्रत्येक बाजूला वेगळ्या फटीचं ब्लेड. हा तोच चार बाजूंचा स्वस्तातला क्यूब, ज्याच्या 50 मायक्रॉनच्या शिक्क्याखाली डायलने (मायक्रॉन दाखवणाऱ्या काट्याच्या मापकाने) एका टोकाला 58 आणि दुसऱ्या टोकाला 66 दाखवले होते (भाग 3). त्याची 100 ची बाजू मात्र नशिबाने बरी आहे, 102 ते 104, म्हणून सगळ्या चाचण्या तिच्यावर चालल्या आहेत. नवा घेणाऱ्यांना पुन्हा सांगतो, शिक्क्यावर विसंबू नका. सपाट काचेवर ठेवा आणि दोन्ही टोकांना फीलर गेज (ठरावीक जाडीची पातळ पट्टी) सरकवून बघा. तर क्यूबही फिरवला. फरक शून्य. मग वॉर्निश पातळ केलं, घट्ट केलं, कॅरेजचे (क्यूबला ओढणाऱ्या सरकत्या गाडीचे) बोल्ट आवळले, सैल केले. तीन दिवस हा खेळ चालला.

तिसऱ्या दिवशी स्केल लावायची बुद्धी झाली. दहा रेघा मोजल्या: 80 मिलिमीटर. म्हणजे एक रेघ 8 मिलिमीटरची. वेग सेकंदाला 50 मिलिमीटर होता तो 25 केला, मग 100. अंतर आठच. हे कागदावर लिहिलं आणि कपाळावर हात मारला. वेग बदलूनही अंतर बदलत नसेल, तर तो थरथरीचा प्रकार नव्हे, भूमितीचा आहे. आणि माझ्या यंत्रात 8 मिलिमीटर नावाची एकच गोष्ट आहे: टी-8 लीड स्क्रू (मोटर फिरवते आणि कॅरेज पुढे सरकवतो तो आट्यांचा गज), चार आट्यांचा, एका फेऱ्यात बरोबर 8 मिलिमीटर पुढे जाणारा.

कॅरेजवर डायल उभा लावून स्क्रू हाताने हळूहळू फिरवला. काटा वर, काटा खाली, एका फेऱ्यात एकूण 14 मायक्रॉन. स्क्रू किंचित वाकडा आहे. (सगळे स्वस्त स्क्रू असतात. थ्री-डी प्रिंटरवाल्यांना हे केव्हाचं माहीत आहे, मीच त्यांचं वाचत नव्हतो.) मी क्यूब कॅरेजला घट्ट आवळून बसवला होता, म्हणजे स्क्रूचा प्रत्येक हेलकावा थेट ब्लेडच्या गॅपमध्ये (काच आणि धार यांच्यामधल्या फटीत) उतरत होता. सपाट ब्लेडखाली ओली फिल्म गॅपच्या साधारण निम्मी पडते, त्यामुळे 14 मायक्रॉन उचललं की फिल्ममध्ये सातेक मायक्रॉनची लाट. पन्नासच्या आसपासच्या फिल्मवर सात म्हणजे आंधळ्यालाही दिसावी.

चांगला स्क्रू मागवणार होतो. कार्टमध्ये टाकलाही होता. मग सुचलं, की चूक स्क्रूची नाहीच, आवळण्याची आहे. क्यूबला स्वतःचे पाय आहेत, तो काचेवर स्वतःच्या पायांवर उभा राहण्यासाठीच बनलाय. त्याला फक्त मागून ढकलायचं आहे, धरायचं नाही.

म्हणून कॅरेजला एक पट्टी लावली आणि तिच्यावर 6 मिलिमीटरची बेअरिंगची गोळी चिकटवली. गोळी क्यूबच्या उभ्या पाठीला टेकते, वरखाली झाली तरी नुसती घसरते. सिद्धांत सुंदर. प्रत्यक्षात क्यूब एका बैलाच्या गाडीसारखा तिरका चालला आणि पट्टा वाकडा निघाला. गोळ्या दोन केल्या, 60 मिलिमीटर अंतरावर. सरळ चालला, पण आता मागची धार उचलली जात होती, कारण मी क्यूबच्या मध्यावर ढकलत होतो आणि घर्षण तर तळाशी. दोन्ही गोळ्या काचेपासून 4 मिलिमीटरवर आणल्या तेव्हा बसला.

इथे एक मूर्खपणा नोंदवून ठेवतो, म्हणजे दुसऱ्या कुणाला करावा लागणार नाही. गोळी पाठीवर मऊ घसरावी म्हणून मी तिला सिलिकॉन ग्रीसचा एक ठिपका लावला. पुढच्या काचेवर वॉर्निशला देवी आल्या. बारीक गोल खड्डे, प्रत्येकाच्या मध्यभागी उघडी काच. सिलिकॉनचा अंश जरी पृष्ठभागावर पोचला तरी तिथलं पृष्ठताण पडतं आणि वॉर्निश त्या जागेपासून पळ काढतं. हे मला माहीत होतं! इतरांना सांगितलंही आहे! क्यूब, गोळ्या, काच, हातमोजे, सगळं सॉल्व्हंटने तीन वेळा पुसावं लागलं आणि तरी पुढच्या दोन काचांवर एखादा खड्डा येतच राहिला. आता गोळीला साध्या पेन्सिलीचं शिसं घासतो. उत्तम चालतं, कसलाच त्रास नाही.

त्या रात्रीची काच अजून कपाटात जपून ठेवली आहे. लाल वॉर्निश, 200 मिलिमीटरचा पट्टा, एकसारखा. वाळल्यावर ब्लेडने पाच ठिकाणी खरवडून मायक्रॉनच्या डायलने पायरी मोजली: 24, 24, 25, 24, 25. हाताच्या ओढीत माझा फरक सातआठ मायक्रॉनच्या खाली कधी आला नव्हता. मी स्वतःलाच चहा करून दिला.

मग पांढरा रंग काढला.

शेवटी हे यंत्र झाकशक्ती बघायलाच चाललंय ना: काळ्या-पांढऱ्या कार्डावर पट्टा ओढायचा आणि काळ्यावरचा उजेड पांढऱ्यावरच्या उजेडाच्या 98 टक्क्यांना पोचला की रंग झाकतो म्हणायचं. कार्ड व्हॅक्यूमच्या पाटावर (भोकांतून हवा ओढून कार्ड सपाट धरणाऱ्या) बसवलं, पंप चालू, बटण दाबलं. आणि काळ्या भागावर रेघा. आडव्या. पण या वेळी बारीक, कंगव्याच्या दातांसारख्या.

आदल्या रात्री नव्हत्या, आज कुठून आल्या? या वेळी मात्र आधी स्केल. एक मिलिमीटर. वेग दुप्पट केला: दोन मिलिमीटर. निम्मा केला: जेमतेम दिसणाऱ्या, भिंगाखाली अर्ध्या मिलिमीटरच्या. म्हणजे हे उलट प्रकरण. अंतर वेगाबरोबर ताणलं जातंय, तर हे काहीतरी घड्याळाच्या तालावर चाललंय. सेकंदाला 50 मिलिमीटर, रेघ 1 मिलिमीटरची, म्हणजे सेकंदाला पन्नास ठोके. स्टेपर नव्हे, त्याची एक पूर्ण स्टेप 0.04 मिलिमीटरची पडते, ती डोळ्याला दिसणार नाही. सेकंदाला पन्नास म्हटल्यावर मात्र फार डोकं लागत नाही: मेनची 50 हर्ट्झची वीज.

व्हॅक्यूमचा पंप म्हणजे माशांच्या टाकीचा पंप उलटा जोडलेला. त्याच्या आत चुंबक विजेच्या तालावर डोलतो आणि रबरी पडदा हलवतो. पाटावर पाण्याची वाटी ठेवली, पंप लावला, पाण्यावर बारीक वर्तुळं थरथरायला लागली. पकडला.

आता मला छळणारा प्रश्न: वॉर्निशवर या रेघा का दिसल्या नाहीत? सोपं उत्तर असं, की वॉर्निशला मी काच वापरतो, तिला व्हॅक्यूम लागत नाही. पण पंप मी भाग 6 पासून चालूच ठेवत होतो, बंद करायचा आळस. पाट तेव्हाही थरथरत असणार. मुद्दाम पंप लावून लाल वॉर्निश ओढून बघितलं. ओढल्या ओढल्या, अगदी पहिल्या सेकंदाला, ब्लेडमागे बारीक रेघा होत्या. दोन श्वासांत विरघळल्या. लेव्हलिंग, म्हणजे ओल्या थराचं आपोआप सपाट होणं! लाट सपाट व्हायला लागणारा वेळ तिच्या लांबीच्या चौथ्या घाताने वाढतो आणि फिल्मच्या जाडीच्या घनाने कमी होतो. 8 मिलिमीटरची लाट 1 मिलिमीटरच्या लाटेपेक्षा हिशोबाने 4096 पट हळू बसणार (इतक्या लांब लाटेला गुरुत्वाकर्षण थोडा हात देतं, ते सोडा). म्हणून वॉर्निशमध्ये स्क्रूची पन्हळ वाळेपर्यंत टिकली आणि पंपाची नक्षी पुसली गेली. पांढरा रंग मात्र घट्टसर, ब्लेडखाली पातळ होतो आणि ब्लेड गेलं की पुन्हा आखडतो. त्याने रेघ गोठवूनच ठेवली. म्हणजे माझं जपून ठेवलेलं कपाटातलं काचेचं पदक निम्मं वॉर्निशचंच कर्तृत्व होतं.

जाता जाता, ज्यांनी विचारलं होतं त्यांच्यासाठी: तारेच्या रॉडलाही (ब्लेडऐवजी वापरायचा, तार गुंडाळलेला गज) हाच हिशोब लावा. दोन तारांमधल्या खाचेतून रंग सुटतो, ओली फिल्म तारेच्या व्यासाच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास. अर्ध्या मिलिमीटरची तार, पन्नासेक मायक्रॉन. तार जाड करत गेलात, तर खाचांच्या रेघांची लांबी चौथ्या घाताने वेळ वाढवते, जाडी घनाने कमी करते, हिशोब शेवटी तारेच्या व्यासाच्या पटीत उरतो. म्हणून जाड तारेच्या रेघा जास्त वेळ दिसतात. आणि तारेऐवजी एम-6 चा आटेवाला गज वापरू का, असं विचारणाऱ्याला: नका. 1 मिलिमीटर पिचच्या आट्यात 300 मायक्रॉनच्या आसपास रंग राहतो, तो लेप होईल, फिल्म नाही. कागदावर मला अजूनही रॉडच आवडतो, कारण त्याला पाट सपाट नसल्याचं फारसं वाईट वाटत नाही. पण तारांमधला वाळलेला रंग काढत बसण्यापेक्षा एकवीस काचा धुतलेल्या बऱ्या.

तर पंप. आधी त्याला फोमवर ठेवला, नळी लांब केली. रेघा फिक्या झाल्या, गेल्या नाहीत. ठोका नळीतल्या हवेतून येतोय. मोठा, शांत, खरा व्हॅक्यूम पंप बघायला लागलो होतो, आणि मग लिहिता लिहिताच हिशोब केला: 200 मिलिमीटरचा पट्टा, सेकंदाला 50, म्हणजे काम चार सेकंदांचं. चार सेकंद पंप कशाला हवा? मध्ये एक बाटली टाकली, व्हॅक्यूम साठवायला. कोल्ड्रिंकची बाटली पहिल्याच मिनिटाला चुरगळून आत गेली, हे अपेक्षित असायला हवं होतं. जाड प्लास्टिकची बरणी लावली, झाकणाला दोन नळ्या, पंपाच्या बाजूला टाकीतलाच एकदिशा व्हॉल्व्ह. पंप अर्धं मिनिट चालवायचा, बंद करायचा, वाटीतलं पाणी शांत झालं की बटण. कार्ड अकरा सेकंद घट्ट बसून राहतं, मग कोपऱ्यातून सुटायला लागतं. अकरा पुरेसे आहेत.

तोच कालचा पट्टा. काळ्यावर एकही रेघ नाही.

हे लिहून संपवणार होतो, पण सकाळी वाळलेलं कार्ड उन्हात बघितलं तर पांढऱ्या फिल्ममध्ये ठिपके आहेत. अगदी अंधुक, ओळीने, 20 मिलिमीटरच्या अंतरावर. पाटाची भोकं. मी 2 मिलिमीटरची पाडली होती आणि कार्ड प्रत्येक भोकावर किंचित खाली ओढलं जातंय, तिथे रंग जाड बसतो. व्हॅक्यूम कमी केला तर ठिपके जातील, पण अकरा सेकंदांचे पाच होतील. तूर्तास मधली सगळी भोकं टेपने बंद केली आहेत, फक्त कडेची उघडी. टेपची जाडी 50 मायक्रॉन आहे हे लावून झाल्यावर लक्षात आलं, म्हणून आता ती सोलून भोकं एपॉक्सीने भरतोय आणि वाळली की काचेच्या पट्टीवर सॅंडपेपर गुंडाळून पाट घासायचा आहे. पाटाला डायल लावून आकडे टाकतो, भाग 8 मध्ये.