मावशीचा पांढरा गुडघा

रात्री साडेदहाला मावशीचा फोन. "अगं, रिपोर्टमध्ये हायपरइंटेन्स लिहिलंय. इंटेन्स म्हणजे तीव्रच ना? खरं काय ते सांगून टाक."

एमआरआयच्या कन्सोलवर अकरा वर्षं बसतेय, तरी हसू दाबायला वेळ लागला. रिपोर्ट गुडघ्याचा होता. 'टी-टू हायपरइंटेन्स' म्हणजे टी-टू पद्धतीच्या चित्रात तो भाग आजूबाजूपेक्षा पांढरा दिसतोय, बस्स. टी-टूमध्ये पाणी पांढरं दिसतं. आणि गुडघ्यात पाणी झालंय हे मावशीला एमआरआयच्या आधीच कळलं होतं, मांडी घालता येत नव्हती तेव्हा.

वैताग हा, की पांढऱ्याला प्रत्येक मशीनचा शब्द वेगळा. एक्स-रेत ओपॅसिटी, कारण तिथे किरण अडलेले असतात. सोनोग्राफीत हायपरइकोइक, कारण तिथून आवाजाचा प्रतिध्वनी जोरात परत येतो. सीटीत हायपरडेन्स. सीटीत तर पांढरेपणाचे चक्क आकडे असतात: पाणी 0, हवा उणे 1000, हाड कित्येक शेकड्यांत. या आकड्यांना हाउन्सफिल्ड युनिट म्हणतात. ज्यांचं हे नाव, त्या इंजिनिअरच्या मशीनवर 1971 मध्ये पहिल्या रुग्णाच्या मेंदूचा सीटी झाला आणि 1979 मध्ये त्यांना वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. डॉक्टर नसताना! आम्हा तंत्रज्ञांना हे सांगायला फार आवडतं.

म्हणजे तेच पाणी टी-टूत पांढरं, टी-वन या एमआरआयच्याच दुसऱ्या पद्धतीत काळं, सोनोग्राफीतही काळं. रिपोर्टमधला शब्द बऱ्याचदा रंगाबद्दल बोलतो, आपण मात्र त्यात आजार वाचतो. 'लीजन'चंही तेच. वेगळा दिसणारा कुठलाही भाग म्हणजे लीजन. साधी पाण्याची गाठसुद्धा त्यात आली.

'अनरिमार्केबल' वाचून एक आजोबा रागावले होते, "एवढं तपासून नोंद घेण्यासारखं काहीच नाही?" आजोबा, यासारखा चांगला शब्द आमच्याकडे नाही हो.

"आणि हे शेवटी 'क्लिनिकली कोरिलेट करा' कशाला? त्यांनाच खात्री नाही वाटतं," मावशी म्हणाली. म्हटलं, चित्रात दुखणं दिसत नाही. गुडघा दाबून बघणाऱ्या डॉक्टरांना ते कळतं, म्हणून दोन्ही जुळवून बघायचं. उद्या रिपोर्ट घेऊन त्यांच्याकडेच जा, निदान मी करायचं नसतं.

मावशी जरा गप्प झाली. मग म्हणाली, "बरं, तुझ्या काकांच्या सोनोग्राफीत फॅटी लिव्हर ग्रेड वन आहे, ते काय?"

"तेही पांढरंच गं. फक्त तिथलं पांढरं चरबीचं."