पत्रादेवी ते पोळे : शाफ्टच्या गाडीचा तापलेला गिअर केस

गोव्याच्या उत्तर टोकाच्या पत्रादेवीपासून दक्षिण टोकाच्या पोळेपर्यंत राष्ट्रीय महामार्ग ६६ धरून एका दिवसात जायचे, हे बरेच दिवस मनात होते. मे महिन्यातल्या एका रविवारी सकाळी साडेसहाला हुतात्मा स्मारकापासून निघालो. प्रवास ठरल्याप्रमाणे पार पडला. मात्र त्यातला सर्वांत महत्त्वाचा भाग मागच्या चाकाला लागून असलेल्या, नारळाएवढ्या अॅल्युमिनियमच्या एका डब्याभोवती घडला.

माझी गाडी जुनी आणि शाफ्टची आहे. बीएमडब्ल्यूने १९२३ साली आर ३२ या गाडीत शाफ्ट वापरला, तेव्हापासून मूळ रचना फारशी बदललेली नाही: इंजिनाकडून फिरत येणारा दांडा मागच्या चाकापाशी काटकोनात वळवावा लागतो आणि ते काम क्राऊन आणि पिनियन ही दातेरी चाकांची जोडी करते. साखळी उघड्या हवेत असते, तिची उष्णता वाऱ्याबरोबर निघून जाते. क्राऊन-पिनियन मात्र बंद केसमध्ये असतात. त्यांचे दात एकमेकांवर दाबले जातात तसे घसरतातही, आणि त्या घसरण्याची उष्णता आधी तेलात, मग धातूत आणि शेवटी बाहेरच्या हवेत जाते. महामार्गावर अशा गाडीला आठ-नऊ किलोवॅट लागत असतील आणि त्यातले तीन टक्के या जोडीत खर्च होत असतील, तर जुन्या काळचे १०० वॅटचे अडीच बल्ब त्या डब्यात सतत जळत आहेत, असे समजावे. म्हणून केस गरम लागणे हा बिघाड नव्हे. आपल्या गाडीचे नेहमीचे गरम म्हणजे किती, हे मात्र माहीत असायला हवे.

ते कळावे म्हणून मी अंतरावरून तापमान मोजणारा छोटा थर्मामीटर जवळ ठेवतो. चकचकीत अॅल्युमिनियमवर तो खरे तापमान दाखवत नाही, बराच कमी आकडा देतो. त्यासाठी केसवर काळ्या टेपचा चौकोनी तुकडा चिकटवला आहे आणि दर वेळी नेम त्याच तुकड्यावर धरतो. माझ्या गाडीचा उन्हाळ्यातला नेहमीचा आकडा ७० अंशांच्या आसपास असतो.

मालपे, कोलवाळ, म्हापसा, पर्वरी हा टप्पा सकाळच्या गारव्यात सरला. अटल सेतूवर दुचाकींना बंदी असल्यामुळे मांडवी जुन्या पुलावरून ओलांडली. झुआरी ओलांडून कुठ्ठाळीला थांबलो तेव्हा टेपवर ७८ अंश दिसले. आकडा थोडा चढा वाटला. पण ऊनही चढले होते, म्हणून पुढे निघालो. वेर्ण्याच्या पठारावर गाडी मोकळी धावली, मडगाव आणि कुंकळ्ळी मागे पडली. करमल घाट सुरू होण्याआधी बाळ्ळीला चहासाठी उतरलो आणि गिअर ऑइलचा तो उग्र, गंधकासारखा वास नाकात शिरला. आकडा ९७ होता. रिमच्या आतल्या कडेवर तेलाची बोटभर रुंद ओली रेघ उमटली होती, टायरपासून फार तर दोन बोटे दूर.

चहा तसाच राहिला. पहिला संशय ब्रेकचा आला, कारण मागचा ब्रेक घासत राहिला तर डिस्कची उष्णता केसमध्ये उतरते. डिस्क मोजली, ती ५८ वर होती. केस डिस्कपेक्षा इतका जास्त तापला असेल, तर उष्णता केसच्या आतच तयार होत आहे हे उघड होते. मग बेअरिंग. गाडी मधल्या स्टँडवर घेऊन चाक वरून आणि खालून धरून हलवले, खेळ म्हणजे ढिलेपणा नव्हता. चाक हाताने फिरवले, घरघर नव्हती. आता तेल उरले. ते मी आठच दिवसांपूर्वी घरी बदलले होते, आणि त्या वेळी गाडी बाजूच्या स्टँडवर, डावीकडे कललेली होती. केस उजव्या बाजूला असल्यामुळे कललेल्या गाडीत तेलाची पातळी ठरवणारे भोक वर उचलले जाते आणि तिथून तेल ओघळेपर्यंत ओतले की ते प्रमाणाबाहेर भरते. ही चूक सर्वस्वी माझी होती.

तेल जास्त झाले तर दातांना अधिक वंगण मिळेल, असे वाटणे साहजिक आहे. घडते त्याच्या उलट. क्राऊन त्या तेलाला रवीसारखे घुसळत राहते, घुसळण्याची सगळी मेहनत उष्णता होऊन तेलातच उतरते, तेलाला फेस येतो आणि फेसाळलेले तेल दातांमध्ये भक्कम थर धरू शकत नाही. ९७ अंशांना गिअर ऑइल लगेच मरत नाही. पण तापमान दर दहा अंशांनी वाढले की तेल जवळपास दुप्पट वेगाने जुने होते, हा ढोबळ नियम यंत्रावर काम करणारे सगळेच पाळतात.

गरम केसवर पाणी ओतण्याचा मोह टाळला. एकदम गार झालेल्या केसमधली हवा आकसते आणि तेल आत अडवणाऱ्या रबरी सीलच्या ओठातून पाणी आत ओढले जाऊ शकते. पाऊण तास सावलीत थांबलो, रिम कोरडी पुसली आणि घाट ताशी तीसच्या वेगाने पार करून काणकोणला चावडीवर पोहोचलो.

तिथल्या एका लहानशा गॅरेजच्या वयस्कर मेस्तांनी गाडी सपाट फरशीवर मधल्या स्टँडवर उभी करून घेतली आणि केस निवल्यावर पातळीचा बोल्ट सोडला. तेल धार धरून काचेच्या ग्लासात आले, साधारण ६० मिलिलीटर. या केसला एकूण २०० च्या आसपासच लागते. मग त्यांनी ब्रीदर, म्हणजे केसमधली हवा बाहेर सोडणारा छोटा भाग, काढून माझ्या तळहातावर ठेवला. त्याचे टाचणीएवढे भोक तांबड्या मातीने गच्च बुजले होते. "तेल ओठातून का आले, कळले ना? वाफेला दुसरी वाट नव्हती," ते म्हणाले. तापलेल्या हवेचा दाब ब्रीदरमधून निघायचा, तो सीलवर गेला होता. ड्रेन प्लगच्या लोहचुंबकावर करड्या रंगाचा मऊ लेप होता. त्यांनी तो दोन बोटांत चोळून पाहिला. कणी लागली नाही, म्हणजे दात शाबूत होते. तेच तेल गाळून पातळीपर्यंत भरले, ब्रीदर रॉकेलने धुऊन बसवला.

लोलयेवरून पोळ्याच्या सीमेवर पोहोचलो तेव्हा दुपारचे अडीच वाजले होते आणि हवा ३४ अंशांवर होती. टेपवर ७१ दिसले. रिमच्या आतल्या कडेवरून बोट फिरवले, ते कोरडेच निघाले.